प्रश्नाचे कपडे

सोमवार, ४ नोव्हेंबर

ठकू,

फोन आपटलास ते बरंच केलंस. आणखी दोन मिनिटं मिळाली असती तर मी तुला समजावायला लागले असते, आणि मी समजावायला लागले की तुझ्या डोक्यात तिडीक जाते हे तू सहावीत होतीस तेव्हापासून मला माहीत आहे. पत्राचं एक बरं असतं, मधेच ठेवून उठून जाता येतं.

आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं वाचलं नाहीस तरी चालेल. शुक्रवारी मी रेडिओवर सांगितलेला प्रश्न तुमचा नव्हता. तुमच्या घरातलं मला काहीही माहीत नाही. तू कधी सांगितलं नाहीस, आणि जावईबुवांनी तर माझ्याशी हवापाण्यापलीकडे कधी बोलणं नेलेलं नाही.

माझं काम कसं चालतं हे तू कधी विचारलं नाहीस, तेव्हा आता ऐक. ‘दार लोटून घ्या’ या माझ्या कार्यक्रमाचा फोन दिवसभर मशीनला जोडलेला असतो. ज्याला विचारायचं असेल तो नाव न सांगता त्यावर बोलतो. त्या टेपा दोनच माणसं ऐकतात, एक मी आणि दुसरा आमचा ध्वनिमुद्रक, ज्याला अख्खं केंद्र कानसेन म्हणतं. कुणाचाही खरा आवाज कार्यक्रमात जात नाही. प्रश्न मी माझ्या शब्दांत सांगते आणि सांगण्याआधी त्याचे कपडे बदलते. असंच म्हणतो आम्ही. धंदा बदलायचा, घर बदलायचं, वय थोडं मागेपुढे करायचं, दुखणं तेवढं तेच ठेवायचं. एकतीस वर्षांत एकाही माणसाला त्याच्या शेजाऱ्यानं ओळखलं नाही, याचा मला अभिमान आहे. होता.

शुक्रवारच्या माणसाचं दुखणं अगदी नेहमीचं होतं. आजारपणानंतर त्याला संभोग जमेनासा झाला. त्याची त्याला इतकी लाज वाटते की बायको झोपेपर्यंत तो कसलं तरी काम काढून बसतो, आणि बायकोला वाटतं आपण नकोशा झालो. असे प्रश्न माझ्याकडे पोत्यानं येतात. याला मी चष्म्याचं दुकान दिलं, वर घर दिलं, बायकोला शाळेत शिकवायला लावलं. आता चष्म्याचं दुकान काय जगात एकच आहे? दुकानावर काय तुम्हीच राहता? याला योगायोग म्हणतात. चार दिवस लोक बोलतील, मग त्यांना दुसरं काहीतरी मिळेल.

रागावलीस तरी जेवत जा.

तुझी आई

ता. क. अर्धं ओढलेलं शटर मी कुठून आणलं, असं तू फोनवर विचारत होतीस. शटर कुठल्याही दुकानाला असतंच.


गुरुवार, ७ नोव्हेंबर

ठकू,

काल जावईबुवांचा फोन आला होता. तुला माहीत आहे की नाही कोण जाणे.

आवाज नेहमीसारखाच, नंबर काढताना गिऱ्हाइकाला ‘आता स्पष्ट दिसतंय का’ विचारतात तसा. म्हणाले, “आई, एकच विचारायचं होतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं? ठकूनं?”

लोकांच्या गप्प बसण्यातून आणि आडून बोलण्यातून अर्थ काढण्यात माझी हयात गेली. या माणसानं तर सरळ विचारलं होतं. ठकू, माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या क्षणापर्यंत मला खरंच वाटत होतं की लोक उगाच तुमच्याशी जोडताहेत. ते खरंच तसं असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मी म्हटलं, “नाही हो. तिनं एका अक्षरानं सांगितलेलं नाही.”

“मग ती म्हणते ते कसं? तिला वाटतं, मी तुमच्या मशीनवर बोललो.” मग म्हणाले, “बोलायला हवं होतं कदाचित.” आणि फोन ठेवला. आपटला नाही, ठेवला. ते मला जास्त लागलं.

म्हणजे त्यांना वाटतं तू चुगली केलीस आणि तुला वाटतं त्यांनी. दोघांपैकी कुणीच केलेली नाही. ही आग मी लावली आणि सोमवारी तुला योगायोगाच्या गप्पा मारल्या. त्या पत्रातला योगायोग तेवढा खोडून टाक. तो खोटा आहे.

कपडे तुमच्या घरातूनच उचलले. आळसानं. एरवी गुरुवारी दुपारी मी आणि कानसेन बसून प्रत्येक प्रश्नाचे कपडे ठरवतो आणि आपल्या ओळखीत असा कुणी नाही ना, हे दोनदा पडताळून बघतो. त्या आठवड्यात बसलोच नाही. शुक्रवारी दुपारी डॉक्टरांच्या संघटनेनं माझा सत्कार ठेवला होता, त्याच्या भाषणात मी बुडाले होते. भाषणाचा विषय सांगू? ‘रुग्णाचं गुपित’. पाऊण तास बोलले, लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. तिथून धापा टाकत स्टुडिओत आले तेव्हा कानसेन काचेपलीकडून हातवारे करत होता. “बाई, कपडे?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “बोलता बोलता घालते.” लाल दिवा लागला. हाताला जे पहिलं लागलं ते मी त्या माणसाच्या अंगावर चढवलं.

आणि शटर. गेल्या थंडीत मी तुमच्याकडे चार दिवस राहिले होते ना, तेव्हा जेवणं झाल्यावर खिडकीत उभी राहिले की खाली फुटपाथवर उजेडाची आडवी पट्टी पडलेली दिसायची. दुकान बंद, शटर अर्धं खाली, आत दिवा. मी तुला विचारलं, “हे काय करतात इतका वेळ?” तू ताटं पुसत होतीस. “काचा घासतात,” म्हणालीस. एकच ताट तू बराच वेळ पुसत होतीस. मी पाहिलं आणि झोपायला गेले.

दुसऱ्या कुणाची बायको माझ्यासमोर तसं ताट पुसत बसली असती तर मी तिला सोडली नसती.

आई


मंगळवार, १२ नोव्हेंबर

ठकू,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘मग तो कोण होता? नाव सांग, मग विश्वास ठेवते.’ मायना नाही, सही नाही. तरी तुझं अक्षर बघून जीव भांड्यात पडला, मग मजकूर वाचला.

जावईबुवा भावाकडे राहायला गेलेत आणि दुकान बंद आहे, हे मला तुझ्याकडून नाही कळलं. मी परवा दुकानात फोन केला, तो वाजत राहिला, म्हणून शेजारच्या शिंप्याकडे केला. त्यानं आधी मला ओळखलं नाही आणि सगळं सांगितलं. गिऱ्हाइकं येऊन ‘शटर किती ठेवू?’ विचारायची, म्हणे. कुणी तरी शटरवर खडूनं काहीबाही लिहून गेलं. मग त्यानं विचारलं, “आपण कोण?” मी म्हटलं, “नातेवाईक.” पुढे काही बोलायची माझी छाती झाली नाही.

नावाचं सांगते. खरं तर सांगू नये, पण आता तुझ्यापासून लपवून तरी काय राहिलंय. नाव मलाही माहीत नाही. पण टेप आहे. त्यात त्या माणसानं धंदा सांगितलाय, गाव सांगितलंय, आणि आवाजही असा की एकदा ऐकला तर विसरणार नाही. ती टेप तुम्हा दोघांना ऐकवली की एका मिनिटात सिद्ध होईल की प्रश्न दुसऱ्याचा होता. आमचे साहेबच म्हणाले, “बाई, घरातल्या घरात ऐकवली तर कुणाला कळणार आहे? तुमच्या मुलीचा संसार आहे.”

मी कपाटातून ती पुसायची राहिलेली टेप काढली. पाकिटात घातली, तुझा पत्ता घातला, पाकीट चिकटवलं आणि पर्समध्ये टाकून केंद्रातून बाहेर पडले. हे मी केलं, ठकू. एकतीस वर्षं ज्यांना ‘निर्धास्त बोला’ म्हणून सांगत आले, त्यांच्यातल्या एकाला मी टपालाच्या पेटीपर्यंत नेलं. पेटीच्या तोंडाशी पाकीट धरलं तेव्हा मागून एक बाई म्हणाली, “अहो, तुम्ही रेडिओवरच्या दारवाल्या बाई ना? तुमच्यामुळे आम्ही दोघं...” आणि पुढचं न बोलता नुसती लाजली, माझा दंड दाबला आणि गेली. मी त्या पाकिटासकट परत आले. कानसेननं माझ्या हातातलं पाकीट पाहिलं. त्यानं ते फाडलं, टेप मशीनवर लावली आणि माझ्यादेखत पुसून टाकली. पुसताना आवाज येत नाही, नुसती चाकं फिरतात.

तेव्हा आता पुरावा नाही. तू म्हणशील, आईनं पुन्हा परक्यांना आपल्या आधी बसवलं. तसंच झालंय. तुझं सगळं लहानपण तसंच गेलं. कार्यक्रम नवा होता तेव्हा साहेबांच्या आधीचे साहेब लाल पेन्सिल घेऊन माझे शब्द खोडायचे. ‘योनी’ नको म्हणे, ‘तो भाग’ म्हणा. मी म्हणायची, गुडघ्याला गुडघा म्हणतो ना आपण? त्या भांडणात मी जिंकले, पेपरात फोटो आला. आणि तू शाळेतून ओठ फोडून घेऊन आलीस. ‘तुझी आई घाण बोलते’ म्हणणाऱ्या मुलीला तू चावली होतीस. मी तुला जवळ बसवून त्या शब्दांत घाण काही नाही, हे शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं. ओठाला औषध तुझ्या बाबांनी लावलं.

नाव नाही सांगणार. असतं तरी नसतं सांगितलं, असं छातीठोक म्हणायची मात्र माझी आता लायकी राहिली नाही.

आई


रविवार, १७ नोव्हेंबर

ठकू,

पाच दिवस तुझ्या उत्तराची वाट पाहिली. हे पत्र लिहायला मला सकाळपासून चार वेळा चहा लागलाय, यावरून काय ते समज.

तुझ्या त्या फोनमध्ये तू आणखी एक वाक्य बोलली होतीस. आपटायच्या आधीचं, शेवटचं. ‘पायांचा आवाज आला की मी दिवा मालवते हे फक्त मला माहीत आहे.’ मी तेव्हा ते नीट ऐकलंच नाही, स्वतःचा बचाव करण्यात गुंतले होते. परवा भांडी घासताना ते अचानक आठवलं आणि मी हात तसेच ठेवून खुर्चीवर बसले.

तू बरोबर बोललीस. कार्यक्रमात मी तसं सांगितलं होतं. ती बायको वर जागी असते, हातात पुस्तक, लक्ष जिन्याकडे. पावलं वाजली की घाईनं दिवा मालवते आणि भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेते. म्हणजे त्याला वर यायला अवघड वाटू नये, आणि आपण वाट पाहत होतो हेही दिसू नये. तो उशी न हलवता आडवा होतो. दोघं जागे, दोघंही श्वास मोजून घेताहेत.

टेपवरच्या माणसानं बायकोबद्दल यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. ‘ती झोपलेली असते’ एवढंच म्हणाला होता बिचारा. तुमच्या घरात मी शटर पाहिलं, पण रात्रीची तुझी खोली पाहिली नव्हती. मग दिवा कुठून आला?

आपल्या घरातून, ठकू. तो दिवा माझा.

कपडे तुझे होते, आत बाई मी होते.

तुझे बाबा पन्नाशीला आले तेव्हा त्यांना मधुमेह निघाला, ते तुला माहीत आहे. त्यानंतर काय झालं ते मी हजारो लोकांना रेडिओवरून समजावलंय: शरीर आहे, रक्तवाहिन्या आहेत, यात पुरुषार्थ वगैरे काही जात नाही, एकमेकांशी बोला, स्पर्श थांबवू नका. बाबा समोरच्या खोलीत ड्रॉइंग बोर्डावर नकाशे काढत बसायला लागले. ऑफिसचं काम, म्हणायचे. सर्वेक्षण खात्याला इतके नकाशे कधी लागत नव्हते. मी आत दिवा लावून पडायची, आणि पेन्सिल ठेवल्याचा आवाज आला की मालवायची. एक-दोन महिने नाही, ते जाईपर्यंत. तेरा वर्षं.

तू विचारशील, तू तर डॉक्टर, मग बोलली का नाहीस? एकदा बोलले. धीर करून त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि सुरुवात केली, “हे बघा, हे अगदी स्वाभाविक आहे.” त्यांनी वळून पाहिलं. रागावले नव्हते. म्हणाले, “हे तू दारवाल्या बाईंच्या आवाजात बोलते आहेस.” मी दुसरा आवाज शोधला, खरंच शोधला. मला सापडला नाही. सगळा रेडिओवर खर्च झाला होता. हात काढून घेतला आणि दूध गरम करायला निघून गेले.

दुसऱ्यांच्या संसारात नाक खुपसून नाव मिळवलं, आणि स्वतःच्या बिछान्यात मूग गिळून पडून राहिले. त्याची लाज वाटते. ते गेले याच्या दुःखापेक्षाही, मी बोलले नाही याची लाज मोठी आहे. हे लिहिताना माझे कान गरम झालेत, या वयात.

तुला आठवतं, दर शुक्रवारी कार्यक्रमाच्या वेळी बाबा फिरायला जायचे? मला वाटायचं, त्यांना संकोच होतो, बायकोच्या तोंडून ते शब्द ऐकवत नाहीत. ते गेल्यावर कोपऱ्यावरचा न्हावी भेटायला आला होता. म्हणाला, “साहेब दर शुक्रवारी दाढीला यायचे. सकाळी घरी केलेली असायची, तरी यायचे. मी नुसता साबण लावून बसवायचो, आणि ते रेडिओ ऐकायचे.” मी त्याच्यासमोर हसले. मग खूप दिवस विचार करत राहिले की ते काय ऐकायला जात असतील. आपला प्रश्न येतो का ते? कुणाच्या तरी कपड्यांत, आपल्याला ओळखता येईल असा?

आला शेवटी. ते गेल्यावर सहा वर्षांनी, उशिरा आला, आणि तुमच्या दारात जाऊन उभा राहिला.

आता मुद्द्याचं. लोकांच्या तोंडातली गोष्ट काढून घेता येत नाही, तिच्या जागी दुसरी द्यावी लागते. येत्या शुक्रवारी मी कार्यक्रमात सांगणार आहे की ती गोष्ट माझी आणि माझ्या नवऱ्याची होती, आणि लाजेपोटी मी तिला दुसऱ्यांचे कपडे घातले. ते खोटंही नाही. टेपवरच्या माणसाचा त्यात उल्लेख येणार नाही आणि जावईबुवांच्या मागचा ससेमिरा सुटेल.

पण मी बाबांना शब्द दिला होता की घराचं दार स्टुडिओत उघडणार नाही. तो मोडावा लागेल. मी त्यांची बायको होते तशी तू त्यांची मुलगी आहेस, म्हणून तुला विचारते आहे. नको म्हणालीस तर नाही करणार. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत मी केंद्रात फोनशेजारी बसलेली असेन.

आई


बुधवार, २७ नोव्हेंबर

ठकू,

चार वाजले, फोन आला नाही. साडेचार वाजले तरी मी तिथेच. कानसेन म्हणाला, “बाई, नाही म्हणायचं असतं तर तिनं केला असता.” मी म्हटलं, “तू तिला ओळखत नाहीस. ती नाही म्हणायलाही फोन करणार नाही.” तरी गेले आत.

कार्यक्रम तू ऐकलास की नाही, मला ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगते. मी ‘दार लोटून घ्या’ म्हटलं आणि पुढचं पाठ केलेलं सगळं विसरले. बराच वेळ काही बोललेच नाही. रेडिओवर गप्प बसणं म्हणजे गुन्हा असतो, पण कानसेननं काचेपलीकडून हात हलवले नाहीत, नुसता पाहत राहिला. मग मी सांगितलं, बोर्डाचं, पेन्सिलीचं, दिव्याचं. न्हाव्याचंही सांगितलं. म्हटलं, मी तुम्हाला इतकी वर्षं बोला, बोला म्हणत आले, आणि मला स्वतःला एका माणसाशी बोलता आलं नाही. उपाय काही सांगितला नाही. माझ्याकडे नव्हता. आवाज कुठला लागला होता ते मला माहीत नाही, पण ओळखीचा नव्हता.

व्हायचं ते झालं. मशीन सोमवारपर्यंत भरलं. अर्धे लोक म्हणाले, मेलेल्या नवऱ्याची अब्रू काढली. एकानं विचारलं, मग एकतीस वर्षं आम्हाला कशाच्या जोरावर अक्कल शिकवत होता? त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. साहेब म्हणाले, “बाई, थोडे आठवडे विश्रांती घ्या.” त्यांनी टेबलावरचा पेपरवेट दोनदा सरकवला, तेव्हाच कळलं की हे थोडे आठवडे नाहीत. काल मी माझा कप आणि पायाखालची चटई घरी आणली. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बायका मी गेले की गप्प होतात. चष्म्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. शिंप्याला विचारलं, या वेळी मी कोण ते सांगून. तो म्हणाला, “आता सगळे तुमच्याबद्दलच बोलतात.” बिचारा लगेच ओशाळला. मी म्हटलं, “छान.”

हे सगळं तुला सांगायचं म्हणून लिहायला बसले नव्हते. आज सकाळी कानसेन घरी आला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. दारातच उभा राहिला, हातात टेप. म्हणाला, “मशीन रिकामं करत होतो. ही मी पहिल्या शब्दाला बंद केली. ही आपल्या कामातली नाही.”

घरी टेप लावायचं काही नव्हतं, तेही त्यानं आणलं होतं. लावून दिलं आणि जिन्यात जाऊन बसला.

पहिला शब्द ‘आई’ होता.

तू काय म्हणालीस ते तुला माहीतच आहे, पण मला पुन्हा लिहून बघायचंय. “आई, मी घरी फोन करणार होते, धीर झाला नाही. बाबांचं सांगायला नको होतंस. मला त्याचा राग आहे आणि तो राहील.” मग नाक ओढलंस. “तुझ्याशी बोलायला मला भीतीच वाटायची. तुला सगळं येतं. तुमच्यात कधी काही बिघडलंच नसणार, असं वाटायचं. परवा आम्ही दोघांनी ऐकलं. तो आला होता कपडे न्यायला, मी रेडिओ बंद करणार होते, तर तो म्हणाला राहू दे. तू दिव्याचं सांगितलंस तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला माहीतच नव्हतं, पहिल्या वेळचं त्यानं फक्त लोकांच्या तोंडून ऐकलं होतं. त्याला वाटायचं मी खरंच झोपते.” मग म्हणालीस, “आम्हाला दारवाल्या बाई नकोत. त्या तिथे असतील तर त्यांना काही सांगू नका. माझी आई असेल तर तिला सांगा, शनिवारी ये म्हणावं.”

मी ती तीनदा ऐकली. चौथ्यांदा लावायला गेले तर कानसेन जिन्यातून म्हणाला, “बाई, पुरे.” मग मी त्याच्याकडूनच पुसायला शिकले. तुझा आवाज पुसवत नव्हता, तरी पुसला. टेपा ठेवायच्या नाहीत असं ठरलेलं आहे, आणि ते तरी आता पाळावं.

शनिवारी सकाळच्या बसनं येते. काही सांगायला येत नाही. जावईबुवांना विचारायचं असेल तर माझ्या ओळखीत एक चांगले डॉक्टर आहेत, त्यांचं नाव मी बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवीन आणि पुन्हा त्याबद्दल बोलणार नाही. तू ताटं पुस, मी शेजारी उभी राहून दुसरं फडकं घेईन. काही विचारलंस आणि मला येत नसेल तर येत नाही म्हणेन. तेवढं शिकले आहे.

दुकान उघडलंय की नाही, मला माहीत नाही. त्यांना म्हणावं, माझ्यासाठी मुद्दाम काही करू नका. शटर अर्धं असलं तरी चालेल. गुडघे कुरकुरतात, पण वाकून आत येता येतं मला.

आई